परतीचें तिकीट : ब्रायटनचा किनारा आणि ‘सागरास’

मराठींत समुद्रावर लिहिलेल्या कवितांमध्यें सावरकरांच्या ‘सागरास’ या कवितेइतकी मुखोद्गत झालेली दुसरी कविता क्वचितच असेल. शाळांच्या संमेलनांतून ती गाइली जाते, राष्ट्रीय उत्सवांतून ती ऐकूं येते, आणि पं. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीमुळें, ज्या घरीं कवितेचें पुस्तक सहसा उघडलें जात नाहीं तेथेंही ती पोहोंचली आहे. परंतु जी कविता सर्वांस पाठ असते ती फारशी वाचली जात नाहीं, असा आमचा अध्यापनांतील अनुभव आहे. ती १९०९ सालीं ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचली गेली, एवढें विद्यार्थी सांगतो. ब्रायटन म्हणजे काय, हें मात्र त्यास कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें या कवितेचें मर्म त्या प्रश्नाच्या उत्तरांत बरेंचसें सांपडतें.

ब्रायटन हें लंडनच्या दक्षिणेस सुमारें पन्नास मैलांवर आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास डॉ. रिचर्ड रसेल यांनीं समुद्राचें पाणी औषध म्हणून सांगण्यास आरंभ केला आणि कोळ्यांच्या त्या वस्तीकडे धनिकांची रीघ लागली. पुढें चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या युवराजानें तेथें आपला प्रासाद उभारला, आणि जॉन नॅश या शिल्पज्ञानें १८१५ पासून त्यास हिंदुस्थानी धाटणीचे घुमट चढविले. त्या काळचें ब्रायटन जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरींत आढळतें. लिडिया तेथें जाते ती एका दिवसापुरती नव्हे. कर्नलच्या पत्नीची पाहुणी म्हणून, वडिलांची अनुमति मिळाल्यावर, मुक्कामासाठीं जाते. म्हणूनच थोरली बहीण एलिझाबेथ वडिलांना सावध करते, आणि लिडिया तेथून विकमबरोबर पळून गेल्यावर साऱ्या कुटुंबाची अब्रू पणाला लागते. समुद्र तेव्हां दूर होता, आणि दूर होता म्हणूनच तेथें जाणें ही एक घटना होती.

२१ सप्टेंबर १८४१ रोजीं लंडनहून ब्रायटनपर्यंतची आगगाडी सुरू झाली आणि हें सर्व पालटलें. थोड्याच वर्षांत स्वस्त दराच्या सहलीच्या गाड्या धांवूं लागल्या. व्हिक्टोरिया राणीनें ब्रायटनला येणें सोडलें, आणि १८५० सालीं तो प्रासाद नगरानें विकत घेतला. १८७१ च्या कायद्यानें सार्वजनिक सुट्या मिळाल्यावर कारकून, कामगार, दुकानांतील पोरी सकाळीं निघून रात्रीं घरीं परतूं लागल्या. या गर्दीची थट्टा करणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाहीं. जो समुद्र राजाच्या मालकीचा झाला होता तो आगगाडीनें कारकुनास दिला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु या देण्याबरोबर समुद्राचा अर्थही बदलला. तो आतां वेळापत्रकांत बसला. सहलीस जाणाऱ्याच्या खिशांत परतीचें तिकीट असतें. त्याचा सारा आनंद त्या तिकिटावर उभा असतो. रात्रीच्या गाडीची खात्री नसेल तर दुपारचा समुद्र कोणास गोड लागेल?

ग्रॅहॅम ग्रीननें ‘ब्रायटन रॉक’ (१९३८) या कादंबरींत नेमकें हेंच वर्म धरलें आहे. व्हिट्सनच्या सुटीचा दिवस, व्हिक्टोरिया स्टेशनवरून एकामागून एक येणाऱ्या गाड्या, हजारों माणसें. आणि त्या गर्दींत हेल नांवाचा एक मनुष्य, ज्यास आपला खून होणार हें ठाऊक आहे. सर्व गर्दी परत जाणार आहे, तो जाणार नाहीं. कादंबरीच्या आरंभींची दहशत रक्तपातानें आलेली नाहीं; ती या एका भेदानें आली आहे.

आम्हीं स्वतः एकदां व्हिक्टोरियाहून ही सहल केली. तासाभरांत गाडी पोहोंचली. स्टेशनाबाहेरचा रस्ता सरळ उतरत समुद्राकडे जातो. किनाऱ्यावर वाळू नाहीं, गोटे आहेत. लाट परततांना त्यांचा खडखडाट ऐकूं येतो. १८६६ सालीं बांधलेल्या वेस्ट पिअरचा, २००३ च्या आगीनंतर उरलेला लोखंडी सांगाडा पाण्यांत उभा आहे. तेथें बसून आम्हीं ‘सागरास’ मनांत म्हणून पाहिली, आणि प्रथम निराशाच झाली. या कवितेंत ब्रायटन कोठें आहे? गोटे नाहींत, धक्के नाहींत, माणसें नाहींत. तथापि दोन खुणा पुढें सांपडल्या. कवीस लाटांच्या फेसांत समुद्राचें कठोर हास्य दिसतें; तो फेस त्याच्या डोळ्यांसमोरचा आहे. आणि येथील भव्य प्रासादांपेक्षां आईची झोंपडी त्यास अधिक प्रिय वाटते. युवराजाचा घुमटांचा वाडाच त्याच्या मनांत होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या गांवीं परक्या राजानें हिंदुस्थानी घुमट हौसेखातर बांधले, त्याच गांवीं ही तुलना सुचावी, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

बाकीचें ब्रायटन कवीनें वगळलें नाहीं; तें त्यास दिसलेंच नाहीं. सावरकर मूळचे नाशिकजवळच्या भगूरचे. समुद्र हा त्यांच्या बालपणाचा सोबती नव्हे. १९०६ सालीं मुंबईहून विलायतेस निघालेल्या तरुणाच्या आयुष्यांत तो आला तो वाट म्हणून, नेणारा आणि आणणारा म्हणून. त्यामुळें या कवितेचा सूर मूलतः स्तोत्राचाही नाहीं, केवळ शोकाचाही नाहीं. तो उपालंभाचा आहे. ‘तूं परत आणण्याचें वचन दिलें होतेंस’ अशी ही वचनभंगाची फिर्याद आहे. ज्या किनाऱ्यावर प्रत्येक प्रवाशाच्या परतीची हमी आगगाडी देत होती, तेथेंच ही फिर्याद उभी राहिली. त्या वर्षीं थोरले बंधु बाबाराव यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, मदनलाल धिंग्रा फांशीं गेले होते, आणि परीक्षा उत्तीर्ण होऊनही सावरकरांस बॅरिस्टरीची सनद मिळाली नव्हती. परतीची वाट सर्व बाजूंनीं बंद होत होती.

गुणांबरोबर दोषही सांगितला पाहिजे. पिंजऱ्यांतील पोपट आणि फांसांतील हरिण हीं उपमानें जुनीं आहेत. तेथें कवीची वेदना परंपरेच्या शब्दांनीं बोलते. परंतु शेवटीं अगस्तीचें नांव घेऊन समुद्रास दिलेला धाक, ज्यास कित्येक रसिक अतिशयोक्ति म्हणतात, तो आम्हांस कवितेचें बळ वाटतो. ज्याच्या हातीं कांहीं उरलें नाहीं त्यानें पुराणांतील एका ऋषीस साक्षीस बोलवावें, हें हास्यास्पद नाहीं. तें दुर्बळाचें अखेरचें शस्त्र आहे. समुद्रावर सत्ता सांगणाऱ्या इंग्रजांच्या भूमीवर उभें राहून तें उगारलें आहे, हें विसरतां कामा नये.

पुढें समुद्रानें त्यांस परत आणलें. १३ मार्च १९१० रोजीं पॅरिसहून परततांना त्यांस अटक झाली, ती ब्रायटनच्या गाड्या जेथून सुटतात त्या व्हिक्टोरिया स्टेशनावर. जुलैंत बोटीनें हिंदुस्थानाकडे नेत असतां मार्सेय येथें त्यांनीं त्याच समुद्रांत उडी घेतली, आणि पुनः पकडले गेले. मायभूमीचा किनारा त्यांस दिसला तो बंदिवान म्हणून.

आमच्या महाविद्यालयांतील मुलें रविवारीं डहाणूच्या गाडीनें केळव्यास जातात आणि वाळूवर बसून हीच कविता गातात. गावी, त्यांत कांहीं वावगें नाहीं. मात्र गातांना खिशांतल्या परतीच्या तिकिटाला एकदां हात लावून पाहावा. त्या कवीपाशीं तें नव्हतें.