रागाचे काय करावयाचे?

वर्षावासाचे तीन महिने आमच्या किनवटच्या बाजूला भर पावसाचे असतात. पैनगंगेला पाणी चढते, सागाच्या रुंद पानांवर रात्रभर सर वाजत राहते, आणि विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. आषाढी पौर्णिमेला सुरू झालेले हे वाचन आश्विनी पौर्णिमेला संपते. म्हणजे घरोघरी दिवाळीच्या भाजणीचा वास सुटावयाच्या थोडे आधी. ग्रंथ ठरलेला असतो : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’. यंदा काही दिवस वाचावयाची पाळी माझ्यावर आली. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. मुले शिकवितो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा ‘मास्तरचा आवाज बरा आहे’ एवढ्याच पात्रतेवर मला हा मान मिळाला.

त्या वाचनातून एक प्रश्न माझ्या मागे लागला. अन्याय झाल्यावर माणसाला जो राग येतो, त्याचे त्याने काय करावयाचे? फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कडू लागेल, हे मी जाणतो. पण आपल्याकडे काही भागांत नरकचतुर्दशीला कारिट फोडून त्याचा कडूपणा जिभेला लावतात, आणि मगच गोडाकडे वळतात. ती चाल आठवून वाचकांनी मला क्षमा करावी.

या प्रश्नाला एक कारण घडले. माझ्या वर्गातला एक मुलगा एका गावजेवणाला गेला असता तिथे त्याला पंगतीतून उठवून वेगळे बसविण्यात आले. दुसऱ्या दिवशी तो वर्गात धुमसत होता. मी त्याला जवळ घेऊन म्हणालो, “बाळा, विसरून जा. भगवान बुद्धांनी रागावू नये असेच सांगितले आहे ना?” मुलगा गप्प झाला. पुढे तो वर्गात हात वर करीनासा झाला. राग निवला म्हणून मी मनात समाधान मानले होते. प्रत्यक्षात मी त्याचे बोलणेच बंद केले होते.

आणि मग विहारात रोहिणी नदीचा प्रसंग वाचावयास आला. सिद्धार्थाने घर का सोडले, याची परंपरेने सांगितलेली कथा आपण लहानपणापासून ऐकतो : म्हातारा दिसला, रोगी दिसला, प्रेत दिसले, संन्यासी दिसला. बाबासाहेबांनी ती कथा स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे त्यांना पटेना. त्यांचा सिद्धार्थ घर सोडतो तो पाण्याच्या भांडणावरून. रोहिणीच्या पाण्यासाठी शाक्य आणि कोलीय एकमेकांवर उठतात. शाक्यांचा सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोधात उभा राहतो आणि म्हणतो, आधी चौकशी करू, दोषी कोण ते ठरवू. ठराव बहुमताने संमत होतो. मग घरच्यांवर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती टळावी म्हणून तो परिव्रज्या पत्करतो. पुढे दोन्ही कुळांत समेट झाल्याची बातमी येते, तरी तो परतत नाही. कारण एक भांडण मिटले तरी भांडणाचे मूळ मिटलेले नाही, हे त्याला दिसते.

ग्रंथाचा कर्ता म्हणून बाबासाहेबांचे कौशल्य मला या प्रसंगात सर्वांत अधिक जाणवते. मूळ इंग्रजी ग्रंथ 1957 साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. लिहिणाऱ्याच्या पाठीशी त्याच्या स्वतःच्या पाण्याची कथा होती. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी प्राशन केले, आणि त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला, डोकी फुटली. जमलेल्यांत पलटणीत नोकरी केलेले लोक होते. हात उगारावयाचे त्यांना शिकवावे लागत नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. मात्र त्याच वर्षी डिसेंबरात ते पुन्हा महाडास गेले, तिथे मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तळ्याचा दावा त्यांनी 1937 साली उच्च न्यायालयात जिंकला. दहा वर्षे जो दावा चालवितो, तो राग विसरलेला नसतो. त्याने तो उधळूनही टाकलेला नसतो.

येथे आपल्या मराठी भाषेने केलेला एक भेद उपयोगी पडतो. पालीत लोभ, दोस आणि मोह ही अकुशलाची तीन मुळे सांगितली आहेत. त्यांतला ‘दोस’ म्हणजे द्वेष. मराठीत द्वेष वेगळा आणि चीड वेगळी. द्वेष माणसाचा येतो, चीड अन्यायाची येते. मी त्या मुलाला द्वेष सोडावयास सांगतो आहे असे मला वाटत होते. सोडावयास लावली ती चीड. धम्म द्वेषाचे मूळ खणावयास सांगतो. त्यासाठी अन्यायाकडे पाठ फिरवावी, असे मात्र तो कुठे सांगत नाही.

आता साहित्याकडे येतो. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 साली आला. त्यातली शीर्षककथा मी अनेकदा वाचली आहे. रेल्वेत नोकरीस लागलेला एक दलित तरुण परगावी जात लपवून राहतो. ती उघड होताच त्याला बेदम मारतात. काशीनाथ नावाचा, आपली जात न लपविणारा आणि अपमान सहन न करणारा सहकारी त्याला सोडवितो. इतका मार मुकाट्याने का खाल्लास, असे तो विचारतो तेव्हा तरुणाचे उत्तर असे, की त्याला मारणारा मनू आहे. समोरच्या चार माणसांना तो आपला खरा वैरी मानीत नाही.

दलित साहित्यावर ‘हे आक्रस्ताळे आहे, यात कलावंताची तटस्थता नाही’ असा आक्षेप आपल्याकडे पुष्कळ वर्षे घेतला गेला. मला तर या उत्तरात फार वरच्या दर्जाची तटस्थता दिसते. अंगावर वळ उमटत असताना ज्याला मारणाऱ्या हातांपलीकडचे कारण दिसते, त्याने दुःखाचे मूळ शोधावयाचा बुद्धाचा मार्गच धरलेला असतो. त्यातली चीड काढून टाकली तर कथा उरत नाही; तिच्यात द्वेष असता तर ती मारामारीची हकीकत झाली असती. मात्र काशीनाथालाही लेखकाने खोटे पाडलेले नाही, हे विसरून चालणार नाही. तो आला नसता तर हे शहाणपण सांगावयास तो तरुण जिवंत राहिला असता की नाही, कोण जाणे.

आम्हां मराठवाड्याच्या लोकांना हा प्रश्न पुस्तकातला नाही. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि वस्त्या जळाल्या. आमच्याच नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना जिवे मारण्यात आले. 1993 च्या नोव्हेंबरात नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. एका ठरावाच्या अंमलासाठी सोळा वर्षे मोर्चे आणि तुरुंगवास सोसणाऱ्यांना कोणी ‘शांत व्हा’ म्हणावे, हे मला आज लाजिरवाणे वाटते. त्याचबरोबर आगीत स्वतःलाच झोकून देणाऱ्या जिवाची हळहळही जात नाही. तो राग बाहेर ऐकला गेला असता, तर आतून पेटला नसता.

व्हिएतनामचे भिक्खू थिक न्यात हान्ह युद्धाच्या आगीत समाजसेवा केलेले होते. रडणाऱ्या लेकराला आई जवळ घेते तसे रागाला जवळ घ्यावे, श्वासाकडे लक्ष द्यावे, अशी त्यांची शिकवण. ती मला खरी वाटते. रागाच्या भरात केलेला अर्ज आणि रागाच्या भरात मारलेला दगड दोन्ही नेम चुकतात. पण आई लेकराला नुसते थोपटीत नाही. ते का रडते हेही पाहते, त्याला टोचणारा काटा काढते. हा दुसरा भाग गाळून ध्यान शिकविले, तर सोसणारा शांत होतो आणि अन्याय करणाराही निश्चिंत झोपतो.

माझ्या एका कादंबरीत मी हीच चूक केली होती. पाणवठ्यावर अपमान झालेला माझा नायक अखेरीस सर्वांना क्षमा करतो आणि गाव त्याला मिठी मारते. वाचकांना तो शेवट आवडला. यंदा वाचन आटोपल्यावर मी तो प्रसंग विहारातल्या एका आजीबाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, “मास्तर, जाळ लई झाला तं भाकर करपते, हे खरंय. पण तुम्ही तं चूलच इझवली. मंग लेकरं काय खातील?”

माझ्या कादंबरीवर याहून नेमकी टीका कोणी केली नाही. क्षमेला माझा विरोध नाही. परंतु माझ्या नायकाने काहीही मागितले नव्हते, गावाने काहीही दिले नव्हते, आणि तरी मी दोघांचा समेट छापून मोकळा झालो होतो. पुढची आवृत्ती निघाली तर तो शेवट मी बदलणार आहे.

त्या मुलाला मी परवा पुन्हा जवळ बोलाविले. विसर असे म्हटले ते चुकले, एवढे कबूल केले. काय घडले ते तारीख-वारासह, शिवी न घालता, लिहून आण म्हणालो. पुढे ते कोणाकडे न्यावयाचे ते आपण दोघे आणि तुझे वडील मिळून ठरवू. त्याने दीड पान लिहून आणले. अक्षर दाबून काढलेले होते. दोन ठिकाणी कागद फाटला होता. मी शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या दुरुस्त केल्या. बाकी एकही शब्द खोडला नाही.