मराठी रॅप: छंद ते पोटापाण्याचा धंदा

मराठी रॅपची गाणी आज रोज नवी येतात, पण केवळ रॅपवर घर चालवणारे कलावंत थोडेच आहेत. गाणे करणे स्वस्त झाले, गाण्यावर जगणे मात्र अवघडच राहिले. मावळ आणि लोणावळ्याच्या पट्ट्यात ही तफावत ठळक जाणवते. पुणे आणि मुंबई यांच्या मधोमध, द्रुतगती मार्ग आणि लोहमार्ग यांच्या काठावर हा भाग वसला आहे. शनिवार-रविवारी शहरातला पैसा इथे येतो, पण ध्वनिमुद्रणाच्या खोल्या, बीट तयार करणारे आणि रॅपच्या मैफली शहरातच राहतात. कामशेत किंवा वडगावच्या होतकरू रॅपरला त्यासाठी लोकलने पुणे गाठावे लागते.

महाराष्ट्रातल्या रॅपला बळ मिळाले ते मुंबईच्या वस्त्यांतून. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरचे ‘आफत’ हे गाणे 2014 मध्ये आले, 2015 मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांचे ‘मेरे गली में’ गाजले. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची मोबाइल सेवा आल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि यूट्यूब खेड्यापाड्यांत पोचले. फेब्रुवारी 2019 मध्ये झोया अख्तर यांचा मुंबईच्या रॅपरांवरचा ‘गली बॉय’ हा चित्रपट प्रदर्शित झाला, त्याच महिन्यात स्पॉटिफायही भारतात आले. या लाटेची मुख्य भाषा हिंदी होती. धारावीच्या डोपॅडेलिक्ससारख्या गटांनी मराठीतही गाणी केली, तरी बाजारपेठ हिंदीचीच राहिली.

पुण्यात दोन वेगळ्या वाटा दिसतात. ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेल्या एमसी स्टॅनने पुण्याच्या गल्लीतली हिंदी जशीच्या तशी गाण्यात आणली. ‘वाटा’ हे गाणे (2018) आणि ‘तडीपार’ हा अल्बम (2020) यांनी त्याचा श्रोता तयार केला, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ‘बिग बॉस’चे सोळावे पर्व जिंकल्यावर तो घराघरांत पोचला. श्रेयश जाधव ऊर्फ ‘द किंग जेडी’ मराठीत रॅप करीत चित्रपटाकडे वळला. ‘ऑनलाइन बिनलाइन’ची (2015) निर्मिती आणि ‘मी पण सचिन’चे (2019) दिग्दर्शन त्याने केले. एकाला दूरचित्रवाणीने मोठे केले, दुसऱ्याने चित्रपटाचा आधार घेतला. नुसत्या गाण्यांनी इतकी मजल मारणे दोघांच्याही बाबतीत कठीण होते.

कलेच्या कसोटीवर मराठी रॅपचे सर्वांत सकस काम ‘स्वदेसी’ या गटाभोवती झाले. या गटातून पुढे आलेला अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘100 आरबीएच’ या नावाने वऱ्हाडीच्या ठसक्यात रॅप करतो. बोलीचा हेल त्याच्या लयीला वळण देतो. ‘द वारली रिव्होल्ट’ या गाण्यात गटाने मुंबईतल्या आरेच्या जंगलतोडीचा प्रश्न आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्या आवाजासह मांडला. इथे अण्णाभाऊ साठे, अमर शेख, वामनदादा कर्डक आणि संभाजी भगत या शाहिरांच्या परंपरेशी नाते जुळते. शाहिरीतही श्रोत्याला थेट हाक असते, प्रसंग ताजा असतो आणि शब्द तालावर चढवलेले असतात. उलट इतिहासाचा जयघोष करणाऱ्या अनेक रॅपगाण्यांत आवेश भरपूर आणि तपशील नगण्य असतो. बारा मावळांचे नाव घेतले म्हणजे मावळ गाण्यात येत नाही. पवनेचे पाणी, धरणाखाली गेलेली आणि प्लॉट पाडून विकलेली जमीन, चिक्कीच्या दुकानांपुढची रविवारची वाहनकोंडी यांना अशा गाण्यांत जागा मिळत नाही.

यमकाचा प्रश्नही मोठा आहे. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपते. त्यामुळे ‘आला, गेला, केला’ किंवा ‘जातो, खातो, गातो’ ही यमके आपोआप हाती येतात, आणि नवखा रॅपर सोळा ओळी त्यांवरच भागवतो. मुरलेला रॅपर वाक्याची रचना मोडून नाम शेवटी आणतो आणि दोन-तीन अक्षरांचा मेळ साधतो. ‘लोणावळा’ला ‘कोण सावळा’ जोडले की दोन्ही एकाच ठेक्यात बसतात आणि कानाला अनपेक्षित झटका मिळतो. बीटच्या बाबतीत परावलंबन जास्त आहे. इंटरनेटवरून घेतलेल्या तयार बीटवर मराठी शब्द चढवले जातात; हलगी, संबळ, डफ यांचा वापर बहुधा सुरुवातीच्या सजावटीपुरताच होतो.

अर्थकारण याच बीटपासून सुरू होते. स्वस्तात मिळणारा बीट बहुतेक वेळा भाडेतत्त्वावर असतो. तोच बीट दुसऱ्याकडेही जातो, आणि परवान्यात मर्यादा असेल तर गाणे चालल्यावर यूट्यूबवर हक्काचा दावा येऊ शकतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर यांसारख्या वितरकांमुळे कंपनीशिवाय गाणे सर्वत्र पोचते. मात्र यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा असेल तर 1,000 सदस्य आणि त्यासोबत वर्षभरात 4,000 तासांचे प्रेक्षण, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज लागतात. स्पॉटिफायवर 2024 पासून वर्षात 1,000 वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. कॉपीराइट कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा राखला आहे. तो वसूल करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेत नाव नोंदवणे हे छंदातून पेशाकडे टाकलेले महत्त्वाचे पाऊल ठरते.

प्रत्यक्ष पैसा येतो तो मंचावरून. मावळात मंचांना तोटा नाही: गावच्या जत्रा, शिवजयंती, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, कार्ल्याच्या एकवीरेच्या यात्रेच्या निमित्ताने होणारे गाण्यांचे कार्यक्रम, लोणावळ्यातले रिसॉर्ट. पण आयोजकाला नाचायला लावणारे गाणे हवे असते आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’ने आणि क्रेटेक्स-श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ने 2024 मध्ये मराठी शब्द देशभर नाचवले. मराठीला बाजार नाही हा समज त्यांनी खोडला. ही गाणी काटेकोर अर्थाने रॅप नाहीत, पण रॅपरला मिळणाऱ्या सुपाऱ्यांचा कल त्यांनी ठरवला.

बोचऱ्या रॅपची स्थिती निराळी आहे. एप्रिल 2023 मध्ये सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्या गाण्यांवरून मराठी रॅपरांवर गुन्हे दाखल झाले. अशी गाणी मोबाइलवर झपाट्याने फिरतात, मात्र त्यांना प्रायोजक मिळत नाही आणि आयोजकही बिचकतात. म्हणून अनेक रॅपर नोकरी सांभाळूनच लिहितात. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांमुळे मावळातल्या तरुणाला तो आधार जवळ आहे. नोकरीमुळे वेळ जातो, पण प्रायोजकाच्या मर्जीची गरज उरत नाही. आजच्या घडीला मराठी रॅपमधले धारदार लेखन बरेचसे याच सोयीवर उभे आहे, आणि स्वतःचा बीट, नीट लिहिलेला करार व तिकीट काढून येणारा श्रोता मिळेपर्यंत ते तसेच राहील.