एका सुपातले टोके

पावसाळ्यात तांदूळ निवडायला घेतले की सुपाच्या कडेकडे लगबगीने निघालेला टोका आपल्या इतक्या ओळखीचा, की त्याच्याकडे कुणी पाहतच नाही. चिमटीत चिरडण्याआधी त्याला क्षणभर भिंगाखाली धरावे. जेमतेम तीन मिलिमीटरचा देह आणि पुढे डौलाने वाकलेली सोंड. तिच्या शेंड्याशी इवलासा जबडा, बुडाशी कोपरात दुमडलेल्या दोन मिशा. मादीची सोंड लांब, सडपातळ, तुकतुकीत. नराची आखूड, जाडसर, खडबडीत. याच सोंडेने मादी दाणा पोखरते, आत एक अंडे ठेवते आणि ते भोक चिकट स्रावाने असे लिंपते, की दाणा पुन्हा अभंग दिसावा. नासधूस खरीच, पण कारागिरी केवढी नाजूक!

आता पाठ पाहू. तपकिरी पंखकवचांवर चार तांबूस ठिपके. आणि खरी गंमत इथेच आहे. लिनियसने १७६३ मध्ये तांदळातला टोका, सिटोफिलस ओरायझी, वर्णिला. मोचुल्स्कीने १८५५ मध्ये मक्यातला, सिटोफिलस झीमेझ. ठिपके दोघांनाही चारच. मक्यातला जरा थोराड म्हणावा, तर टपोऱ्या दाण्यात वाढलेला तांदळातलाही अंगाने भरतो. नावावर विसंबावे, तर दोघेही तांदूळ खातात आणि मकाही. पुष्कळ काळ जाणकारांनीही त्यांना एकाच जातीचे लहान आणि मोठे वाण मानले, यात नवल ते काय? गार देशांतला त्यांचा भाऊबंद, सिटोफिलस ग्रॅनेरियस, त्या मानाने भलताच सरळ: ठिपके नाहीत, उडायचे पंखही नाहीत.

या दोघांतला भेद दडला आहे अंतरंगात. नराचे जननांग अलगद सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे: तांदळातल्याचे वरचे अंग घागरीच्या पाठीसारखे गुळगुळीत, फुगीर; मक्यातल्याचे मात्र दोन लांबट खोबणींनी रेखलेले. मादीच्या पोटात इंग्रजी वाय आकाराची कठीण पट्टी असते. एकीत तिच्या फांद्यांचे शेंडे गोलसर, दुसरीत निमुळते. केसाएवढ्या या रेषा, आणि त्यांवर दोन जातींचे वेगळेपण तोललेले! बाहेरून एकसारखा पेहराव करून एकाच पोत्यात नांदणाऱ्या या जोडीचे हे गुपित मला तरी ठिपक्यांहून देखणे वाटते.

घरात जुने चिंचोके असतील, तर तेही एकदा भिंगाखाली धरून पाहा; याच गणातली आणखी एक जात, सिटोफिलस लिनिॲरिस, चिंचोक्यांत राहते.