जबाब आणि आवाज

रायपुरात चाकरीच्या निमित्ताने राहणाऱ्या मराठी मंडळींना जबाब म्हणजे काय हे सांगावयास नको. भूसंपादनाची फाईल असो की जनसुनावणीचे इतिवृत्त असो, कोणा गावकऱ्याचे छत्तीसगढीतील, हलबीतील वा गोंडीतील बोलणे प्रथम हिंदीत येते, मग त्याचे इंग्रजी टिपण होते, आणि तिसऱ्या टेबलावर पोचेपर्यंत त्यातून 'हरकत नोंदविली' एवढेच दोन शब्द उरतात. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. कागदाचा स्वभावच तसा. नवज्योत अल्ताफ यांच्या मांडणशिल्पांचा विचार करताना आम्हांस प्रथम या कागदाचीच आठवण होते.

नवज्योत मूळच्या मेरठच्या. त्यांचा जन्म १९४९ चा आणि शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतले. तरुणपणी त्या डाव्या विचारांच्या युवक चळवळीत होत्या. १९९७ पासून मात्र त्यांच्या कामाचा अर्धा संसार बस्तरात, कोंडागावला आहे. मुंबईच्या एखाद्या कलावंताने आठवडाभर येऊन आदिवासींची चित्रे काढून न्यावी, हा प्रकार आपण पुष्कळ पाहिला आहे. येथे तसे झाले नाही. घडवा कामाचे विख्यात कारागीर जयदेव बघेल यांच्या गावी, शांतीबाई, राजकुमार कोर्राम यांच्यासारख्या स्थानिक शिल्पकारांच्या बरोबरीने त्या राहिल्या आणि काम करीत आल्या.

चित्रफीत आणि ध्वनी यांच्या या कलेविषयी आपल्यातील जाणत्यांच्याही मनात अढी आहे. ही कला की वार्तापट, असे विचारले जाते. 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' या फडके-खांडेकरांच्या वादाची येथे सहज आठवण होईल. पण त्या वादाने फारसा उजेड पडेल असे आम्हांस वाटत नाही. अधिक कामाचे आहेत ते मर्ढेकर. कलाकृतीची परीक्षा तिच्या माध्यमातील संवेदनांनी व त्यांच्या लयबद्ध रचनेने व्हावी, विषयाच्या थोरवीने होऊ नये, हा त्यांचा आग्रह. मर्ढेकर स्वतः आकाशवाणीच्या नोकरीत होते, म्हणजे आवाज हे ज्याचे द्रव्य त्या खात्यातलेच अधिकारी. त्यांच्याच कसोटीने पाहू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट ध्यानी येते: माणसाच्या बोलण्यात ध्वनी कोठे संपतो आणि अर्थ कोठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. अडखळणे, श्वास घेणे, मध्येच गप्प होणे हा नादही आहे आणि साक्षही आहे. जबाबाच्या कागदातून नेमके हेच गळालेले असते.

'लॅक्यूना इन टेस्टिमनी', म्हणजे साक्षीतील रिकामी जागा, ही त्यांची २००३ ची कृती गुजरातेतील २००२ च्या हत्याकांडाच्या पार्श्वभूमीवरची आहे. तीन पडद्यांवर समुद्र आणि जमिनीवर बहात्तर आरसे. नावामागे इटालियन विचारवंत आगांबेन यांचे प्रतिपादन आहे: छळाचा पुरा साक्षीदार तोच, जो सांगावयास उरला नाही. ही कृती आम्हांस थोर वाटते, कारण ती बोलण्याचा आव आणीत नाही.

छत्तीसगढातील खाणी व कारखाने यांची झळ लागलेल्या माणसांना घेऊन त्यांनी पुढे 'सोल ब्रेथ विंड' ही कृती केली. येथे मात्र बोलणे आहे, आणि ते आपल्या जिल्ह्यांतील माणसांचे आहे. विषय आपल्यास नवा नाही. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनाधिकार कायदा आपल्यापैकी कित्येकांना कलमवार पाठ असेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये हसदेव अरण्यातील गावकरी सुमारे तीनशे किलोमीटर पायी चालत याच रायपुरात आले, तेही आपण पाहिले. तरीही ते आपण 'प्रकरण' म्हणूनच पाहिले, असे कबूल करावे लागते.

आमचा आक्षेप वेगळा आहे. दालनातील प्रेक्षक उभा असतो, केव्हाही निघून जाऊ शकतो. आणि ज्याचे दुःख पडद्यावर आहे तो त्या दालनात बहुधा कधीच येत नाही. या आक्षेपास उत्तर आम्हांस चित्रफितींत सापडले नाही. सापडले ते कोंडागावच्या 'नलपार' मध्ये. हातपंपाभोवतीचे ते ओटे नवज्योत व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावच्या बायकांशी बोलून बांधले. भरलेली घागर टप्प्याटप्प्याने टेकवून डोक्यावर घेता यावी अशी त्यांची रचना आहे. तेथे प्रेक्षक आणि विषय निराळे नाहीत. (आमच्या एका स्नेह्यांनी त्याला 'पाणीपुरवठा खात्याचे काम' म्हटले, त्या खात्याला हे सुचले असते तर आम्हीही तसेच म्हटले असते.) किंबहुना, ज्या हाताने ओटा बांधला त्याच हाताने चित्रफीत केली, म्हणूनच तिच्यातील आवाजावर आमचा विश्वास बसतो.

अशी कृती रायपुरात दाखवावी. महंत घासीदास संग्रहालयात, सिरपूरच्या मूर्तींच्या शेजारी, एखादे दालन अंधारे करणे फारसे कठीण नसावे. मुंबई-दिल्लीच्या प्रेक्षकाला पडद्याखालच्या अनुवादाच्या ओळी वाचाव्या लागतात आणि डोळा तिकडे गेला की कान निम्मा मिटतो. येथे छत्तीसगढी बोलण्याला त्या ओळी लागणार नाहीत.