मुका खुळखुळा

गुलजारांचा ‘कोशिश’ (१९७२) वाचकांपैकी पुष्कळांना आठवत असेल. मूकबधिर जोडप्याच्या बाळापुढे खुळखुळा हलवला जातो. बाळ वळून पाहत नाही. आईबापांच्या काळजाचे पाणी होते. मग उलगडा होतो, खुळखुळाच मुका आहे! संजीवकुमार आणि जया भादुरी यांनी हा प्रसंग शब्दावाचून असा रंगवला आहे की, प्रेक्षकाचा जीव भांड्यात पडतो.

माझी तक्रार आहे ती नेमकी या सुटकेविषयी. बाळ खरेच बहिरे निघाले असते तर? आज कॉक्लिअर इम्प्लांट आहे. कानात बसवलेल्या तारेतून श्रवणतंतूला विजेचे सूक्ष्म इशारे मिळतात. परंतु यंत्र आवाज देते. अर्थ मुलाला शिकावा लागतो. आमच्या मोशीत पुणे-नाशिक रस्त्यावरच्या ट्रकांचा कलकलाटही ते आत पोचवते. त्यातून आईचे ‘पाणी’ निवडून काढायचे, तेही शेकडो वेळा ऐकून! शस्त्रक्रिया काही तासांची, ही शिकवणी काही वर्षांची.

आमच्या कथाकारांना चमत्कार भावतो. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, मुलांना शिकवतो. म्हणून म्हणतो, खरे नाट्य या शिकवणीत आहे. ते कोणी लिहील काय?