परमुलखातले बिऱ्हाड

परदेशावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण लिहिणारा बहुधा पाहुणा असतो. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) वाचताना आपण पोट धरून हसतो, तरी स्वारी शेवटी घरी परतणार आहे हे आपल्याला ठाऊक असते. परमुलखात बिऱ्हाड मांडणे ही गोष्ट निराळी. तिथे घर शोधावे लागते, मोलकरीण सांभाळावी लागते, मुलाच्या शिक्षणाचे काय हा घोर असतो. अशा एका बिऱ्हाडाची गोष्ट जेराल्ड डरेल या प्राणिवेड्या इंग्रजाने १९५६ साली ‘माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स’ या पुस्तकात सांगितली. घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून वाचावे असे हे पुस्तक आहे. मात्र त्यातला हशा ओसरल्यावर काही प्रश्न मागे उरतात आणि त्यांविषयीच मला लिहायचे आहे.

कथा साधी आहे. इंग्लंडातल्या पावसाळी हवेला कंटाळून एक विधवा आई आपल्या चार मुलांना घेऊन ग्रीसच्या कॉर्फू बेटावर राहायला जाते. साल १९३५. थोरला लॅरी लेखक, मधला लेस्ली बंदुकांच्या नादातला, मार्गो चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांनी त्रस्त आणि धाकटा दहा वर्षांचा जेरी, म्हणजेच लेखक. बेटावर पाऊल ठेवताच आईचा पहिला हट्ट न्हाणीघराचा! ते असलेले घर शोधून देतो स्पायरो हा मोटारवाला. अमेरिकेत राहून आलेला हा गडी प्रत्येक इंग्रजी शब्दाला ‘स’चे शेपूट लावतो. पुढे घरे बदलतात, पण कारणे ऐकावीत! लॅरीने मित्रांना बोलावले म्हणून मोठे घर घ्यायचे, आणि एक आत्याबाई राहायला येऊ पाहते म्हणून तिला जागाच उरू नये एवढे लहान घर शोधायचे. पाहुण्यांच्या धास्तीने घर बदलणारी माणसे आपल्याकडे नसतील. पण तसे करावेसे वाटणारी घरोघर सापडतील.

रोजच्या जीवनाचे चित्र डरेल फार बहारीने काढतो. जेरी विंचवाची मादी पिलांसकट काड्यापेटीत ठेवतो, आणि जेवणानंतर सिगारेट पेटवायला लॅरी नेमकी तीच पेटी उघडतो. मग जो गोंधळ होतो तो चिं. वि. जोशींच्या चिमणरावाच्या घरात शोभला असता. फरक एवढाच की चिमणराव स्वतःची फजिती सांगतो, तर डरेल बहुतेक इतरांची. मोलकरणीची दुखणी, स्पायरोचे इंग्रजी, सारे हसण्याचे विषय. पण हे चक्रम गोरे कुटुंब पाहून त्या मोलकरणीच्या घरी रात्री काय हशा पिकत असेल, ते पुस्तकात कुठे ऐकू येत नाही. मला ही उणीव मोठी वाटते.

उन्हाळ्याची प्रकरणे मात्र निर्मळ आहेत. लेस्लीने वाढदिवसाला बांधून दिलेली गोलमटोल नाव घेऊन जेरी आसपासची चिमुकली बेटे धुंडाळतो. एकदा चांदण्यात सारे समुद्रस्नानाला जातात. आईने झालरींचा भलामोठा पोहण्याचा पोशाख आणलेला, आणि तो पाहून घरचा कुत्रा रॉजर तिच्यावरच झेप घेतो! आपण हसून पुरते दमतो न दमतो, तोच त्याच प्रकरणात दुसरी रात्र येते. काठावर काजवे लुकलुकताहेत, पाण्यात हात फिरवला की प्रकाश सांडतो आहे आणि त्यातून समुद्री शिशुक उसळ्या घेताहेत. इथे डरेल विनोद बाजूला ठेवतो. सहलीला गेलेल्या कुटुंबाला क्षणभर गप्प करणे हे लेखकाला सहसा जमत नाही. त्याला ते साधले आहे.

आता जे सांगितलेले नाही त्याविषयी. लॅरी म्हणजे प्रसिद्ध कादंबरीकार लॉरेन्स डरेल. त्याचे लग्न झालेले होते आणि पुढे तो पत्नी नॅन्सीसह वेगळे बिऱ्हाड करून राहिला. धाकट्याच्या पुस्तकात ही वहिनी नाहीच! उलट थोरल्याने याच बेटावर ‘प्रॉस्पेरोज सेल’ (१९४५) लिहिले, त्यात बायको आहे, पण आई-भावंडांना जवळजवळ जागा नाही. एकाच बेटावर दोघा भावांनी आपापली माणसे निवडून घेतली. विनोदी लेखकाला एवढी मुभा मी देईन.

आईच्या बाबतीत मात्र देणार नाही. लुइसा डरेल जन्मली रुरकीला. जेरी जन्मला १९२५ साली जमशेदपूरला. लॅरीचा जन्म जालंदरचा. इंजिनिअर असलेला नवरा १९२८ साली डलहौसीला वारला, तेव्हा ती मुलांना घेऊन इंग्लंडला गेली. म्हणजे या बाईला इंग्लंड हाच पहिला परदेश! कॉर्फू दुसरा. जेरीचा लाडका गुरू, वनस्पती-कीटकांचा जाणकार डॉक्टर थिओडोर स्टेफानिडीस, हाही मुंबईत जन्मलेला. दोघे गच्चीवर बसून हिंदुस्थानाविषयी बोलली असतील काय? पुस्तकातली आई सतत पाकशास्त्राची पुस्तके चाळते, घाबरते, माघार घेते आणि सर्वांना पुरून उरते. ती हवीहवीशी वाटते. पण सात वर्षांपूर्वी कपाळ पुसले गेलेली आणि दोनदा घर उचललेली बाई तिच्यात दिसत नाही. ती एखाद्या पानावर जरी दिसली असती, तरी हशा कमी झाला नसता.

शिक्षक म्हणून एका प्रकरणावर मी लुब्ध आहे. जॉर्ज नावाचा शिकवणारा जेरीला गणित घालतो ते सुरवंटांनी पाने खाण्याचे, आणि हॅनिबलचा इतिहास शिकवतो तो त्याच्या हत्तींना नावे देऊन. पण शिक्षणाचेच निमित्त पुढे करून लेखक बेटाचा निरोपही घेतो. पुढची शिकवणी आता आपल्या आवाक्याबाहेर गेली असे नव्या शिक्षकाने सांगितले म्हणून मंडळी निघाली, असे पुस्तक म्हणते. प्रत्यक्षात ते साल होते १९३९, युरोपवर महायुद्धाचे ढग दाटले होते. १९४३ साली जर्मन बॉम्बफेकीत कॉर्फू शहराचा मोठा भाग जळाला; १९४४ साली तिथल्या ज्यूंना पकडून नेले. १९५५ साली लिहायला बसलेल्या डरेलला हे ठाऊक नव्हते असे नाही. त्याने आपल्या दहा वर्षांच्या जेरीला ते कळू दिले नाही, इतकेच.

निघताना पक्षी, कासवे, कुत्री असा सारा लवाजमा बरोबर असतो. वाटेत स्विस अधिकारी त्यांच्या कागदावर फिरती सर्कस आणि तिचे नोकर अशी नोंद करतो, आणि आई भलतीच रागावते.