मनोविकार आणि मराठीतला ‘मी’

‘बाहेरचं झालं’ किंवा ‘डोक्यावर परिणाम झाला’ एवढ्यावर आमच्या दुसरबीडमध्ये मनोविकाराचा विषय संपतो. ज्याला आजार झाला तो माणूस या दोन्ही वाक्यांत कुठेच नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

बुलढाणा जिल्ह्यात अशा माणसांना पिंपळगाव सराईला, सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेतात. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. माणसे घुमतात, ओरडतात, घरात कधी न बोललेले बोलतात आणि भोवतीची गर्दी ते ऐकतेही. पण ते बोलणे त्यांचे नव्हे, अंगातल्या बाधेचे मानले जाते. या प्रथांवर टीका करणारे लेख पुष्कळ आहेत. साखळदंडांविषयीचा त्यांचा राग रास्तच. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. शिकल्यासवरल्या मराठी माणसांनी तरी रुग्णाला स्वतःच्या नावाने कितपत बोलू दिले?

सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) घ्या. स्किझोफ्रेनिया हा शब्द अनेक मराठी घरांत या चित्रपटामुळे आला. त्याला बळ देणारे जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारपणातून ते या कामात उतरले आणि पुण्यात त्यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. अतुल कुलकर्णींचा शेष अस्सल आहे. तरीही चित्रपट पाहून बाहेर पडताना माझ्यासोबत आली ती त्याला सांभाळणारी बहीण. सांभाळणाऱ्याचा ‘मी’ आपल्याला चटकन समजतो, आजाऱ्याचा नाही. पुण्याच्या रेश्मा वल्लियप्पन यांनी स्वतःच्या स्किझोफ्रेनियावर पुस्तक लिहिले, पण ते इंग्रजीत.

व्यसनमुक्तीच्या लेखनात मात्र मराठी ‘मी’ मोकळेपणाने बोलतो. तुषार नातू यांचे ‘नशायात्रा’ आठवा. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसने अशा बोलण्याला बैठक दिली: नाव सांगायचे, मी दारुडा आहे म्हणायचे, बाकीच्यांनी न टोकता ऐकायचे. दारू सोडलेल्याचा शब्द लोक खरा धरतात. स्किझोफ्रेनिया झालेला माणूस बोलू लागला की पहिली शंका हीच, हाही भास नसेल कशावरून? अशा श्रोत्यांपुढे कोण तोंड उघडणार?

आणि जे थोडे लिहिले जाते, त्याला विजयकथेची हौस. अंधार, मग धडपड, मग व्यासपीठावरचा सत्कार. बायपोलर आजारासाठी माझ्या गोळ्या नऊ वर्षे चालू आहेत, म्हणून अधिकाराने सांगतो: ही वर्णने वाचून मला माझीच लाज वाटे. कारण मी ‘बरा’ झालो नव्हतो, फक्त जगत होतो. कामी आले ते एका अनोळखी माणसाचे दीडपानी टिपण. लिथियमने हात थरथरतात, म्हणून चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो, एवढेच त्यात होते. माझेही तसेच होत होते, आणि मी पाहुण्यांसमोर चहा घेणेच सोडले होते.

लिथियमची रक्तातली पातळी तपासायला मी जालन्याला जातो. कशासाठी जातो, हे गावात दोघांना सांगितले आहे. एक जण भेटला की विचारतो, “भाऊ, रिपोर्ट काय आला?” दुसऱ्याने आधी विषयच बदलला. महिन्याभराने तो संध्याकाळी घरी आला, दार लोटून घेतले आणि पिशवीतून मुलीची फाइल काढली.